विजेची मोटार की प्लग-इन हायब्रिड? भोकरदनच्या वाटेवरचा हिशेब

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे तालुक्याचे गाव फार जुने. भोगवर्धन या प्राचीन नावाने त्याचा उल्लेख सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या शिलालेखांत आढळतो. सातवाहन काळात व्यापारी मार्गावरील हे भरभराटीचे नगर होते. आजही भोकरदनचे दळणवळण मुख्यतः रस्त्यावरच अवलंबून आहे. जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली असून, तो भोकरदन तालुक्यातून जाणार आहे. मात्र रेल्वेगाडी प्रत्यक्ष धावेपर्यंत सुमारे ६० किलोमीटरवरील जालना, ७० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर आणि ३०० किलोमीटरवरील पुणे गाठायचे, तर एसटी किंवा स्वतःची मोटार हेच दोन पर्याय उरतात.

त्यामुळे नवी मोटार घेताना पुणे, मुंबई किंवा संभाजीनगरात स्थायिक झालेल्या, परंतु गावाकडे घर, शेती आणि वडीलधारी मंडळी असलेल्या कुटुंबापुढे एक पेच उभा राहतो. शहरातील रोजच्या धावपळीला विजेची मोटार स्वस्त पडते, हे त्याला पटलेले असते. पण दिवाळीला, लग्नसराईला किंवा रात्री-अपरात्री आलेल्या फोननंतर गावी निघायचे झाले, तर वाटेत बॅटरी संपेल काय, ही धास्ती मनातून जात नाही. अशा वेळी वीज आणि पेट्रोल या दोन्हींवर चालणारी प्लग-इन हायब्रिड मोटार हा सोन्यासारखा मध्यममार्ग वाटू लागतो. तो खरोखर तसा आहे काय?

तीन प्रकार, तीन स्वभाव

'हायब्रिड' या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या मोटारी विकल्या जातात. म्हणून प्रथम त्यांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे.

पूर्ण विद्युत मोटारीत इंजिन, इंधनाची टाकी आणि धुराड्याची नळी यांपैकी काहीही नसते. बॅटरी आणि विजेची मोटर एवढ्यावर ती चालते. मध्यम आकाराच्या मोटारीत साधारण ३० ते ६० युनिट वीज साठवणारी बॅटरी असते. मोठ्या मोटारींत ती ८० युनिटांच्या आसपासही जाते. येथे एक युनिट म्हणजे वीजबिलावर दिसते तेच युनिट, अर्थात एक किलोवॉट-तास.

साध्या किंवा 'स्ट्राँग' हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनाच्या जोडीला छोटी बॅटरी आणि मोटर असते. ही बॅटरी बाहेरून चार्ज करता येत नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती आणि इंजिनाची जादा शक्ती यांतून ती भरते. वीज येथे इंजिनाची मदतनीस आहे. गाडीचे अन्न पेट्रोलच.

प्लग-इन हायब्रिड या दोहोंच्या मधली. तिच्यात पूर्ण क्षमतेचे इंजिन असते, टाकी असते आणि शिवाय साधारण १० ते २५ युनिटांची बॅटरी असते. ही बॅटरी घरच्या प्लगवर भरली, की ४० ते १०० किलोमीटर निव्वळ विजेवर जाता येते. त्यानंतर गाडी पेट्रोलवर चालू लागते. चीनमधील बीवायडी कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये आणलेली एफ३डीएम आणि अमेरिकेत २०१० अखेर आलेली शेव्हरोले व्होल्ट या अशा पहिल्या मोटारींपैकी होत.

कागदावर प्लग-इन हायब्रिड सर्वगुणसंपन्न दिसते. मात्र दोन्ही यंत्रणांची सोय देणारी ही गाडी दोन्हींचे वजन, किंमत आणि देखभालही सोबत घेऊन चालते.

भारतातील बाजारपेठ

भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने पहिला अडसर किमतीचा आहे. २०२५ अखेरपर्यंत देशात विकल्या गेलेल्या प्लग-इन हायब्रिड मोटारी प्रामुख्याने आलिशान गटातील होत्या. व्होल्वोने २०१६ मध्ये आणलेली एक्ससी९० टी८ सव्वा कोटी रुपयांची होती. बीएमडब्ल्यूची डिसेंबर २०२२ मध्ये आलेली एक्सएम ही २ कोटी ६० लाखांची. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यातील पर्याय या गटात जवळजवळ नव्हताच.

याउलट विद्युत मोटारी झपाट्याने खाली उतरल्या. टाटांची नेक्सॉन जानेवारी २०२० मध्ये सुमारे १४ लाखांपासून, तर टियागो सप्टेंबर २०२२ मध्ये साडेआठ लाखांपासून बाजारात आली. महिंद्रने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या मोटारी पुण्याजवळच्या चाकण येथे बनतात. साध्या हायब्रिडमध्ये होंडा सिटी, मारुती ग्रँड व्हिटारा, टोयोटा हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस या मोटारी २०२२ या एकाच वर्षात दाखल झाल्या. म्हणजेच बहुतेक ग्राहकांपुढचा प्रत्यक्ष पर्याय विद्युत मोटार आणि साधी हायब्रिड यांच्यातील आहे.

तरीही प्लग-इनचा विचार आताच करणे अनाठायी नाही, कारण तिचा कारखाना मराठवाड्याच्या दारात येऊ शकतो. छत्रपती संभाजीनगर येथे नव्या प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्कर मोटरने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. विद्युत आणि हायब्रिड वाहनांच्या या सुमारे २१ हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळ उपसमितीने मान्यता दिली. बिडकीन परिसरात जेएसडब्ल्यू समूहाच्या विद्युत वाहन प्रकल्पालाही मंजुरी मिळाली आहे. भोकरदनपासून शंभरएक किलोमीटरवर या मोटारी बनू लागल्या, तर आज कोटीच्या घरात असलेला हा प्रकार पुढे आवाक्यात येणे अशक्य नाही.

गाडी रात्री कुठे उभी राहते?

निवडीचा पहिला प्रश्न बॅटरीच्या आकाराचा किंवा गाडीच्या वेगाचा नाही. गाडी रात्री जिथे उभी राहते, तिथे प्लग आहे काय, हा तो प्रश्न होय.

ज्याच्या पार्किंगमध्ये हक्काची वीज आहे, त्याची विद्युत मोटार दररोज सकाळी भरलेली असते. त्याला चार्जिंग केंद्र शोधण्याची वेळ वर्षातून मोजक्या दिवशीच येते. ज्याच्याकडे अशी सोय नाही, त्याला विद्युत मोटार गैरसोयीची ठरते आणि प्लग-इन हायब्रिड तर त्याहून निरर्थक. कारण रोज चार्ज न केलेली प्लग-इन म्हणजे निरुपयोगी बॅटरीचे ओझे वाहणारी पेट्रोलची गाडी. बऱ्याच प्लग-इन मोटारींना जलद चार्जिंगही घेता येत नाही. त्यांना संथ प्लगवर दोन-चार तास उभे राहावे लागते. असे रोज बाहेर जाऊन कोण करणार?

ही केवळ शंका नाही. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदलेल्या मोटारींतील प्रत्यक्ष इंधनवापराची माहिती गोळा करून मार्च २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. प्लग-इन हायब्रिड मोटारींचे रस्त्यावरील कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट असल्याचे त्यात आढळले. प्रमुख कारण साधे होते : चाचणीत गृहीत धरले होते तितक्या वेळा मालक गाडी चार्ज करीत नव्हते.

सदनिकाधारकांसाठी एक गोष्ट उपयुक्त आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या विद्यमान वीजजोडणीवरून वाहन चार्ज करता येते. मात्र चौथ्या मजल्यावरील मीटरची वायर तळघरातील पार्किंगपर्यंत कोणत्या मार्गाने न्यायची, इमारतीचा एकूण वीजभार पुरेल काय, याचा निर्णय सोसायटीच्या संमतीनेच होतो. ही संमती गाडीची नोंदणी करण्यापूर्वी लेखी घेणे शहाणपणाचे. शोरूममधून गाडी आल्यानंतर सुरू झालेला सोसायटीचा पत्रव्यवहार लवकर संपत नाही.

पुणे–भोकरदन : तीनशे किलोमीटरची परीक्षा

कंपन्या जाहीर करतात तो पल्ला पुण्यातील 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया'सारख्या चाचणी संस्थांच्या प्रमाणित आकड्यांवर आधारलेला असतो. ही चाचणी ठरावीक वेगाने, नियंत्रित परिस्थितीत होते. मे महिन्याचे ऊन, चालू वातानुकूलन, चार माणसे आणि गावाकडून परतताना डिकीत भरलेली धान्याची पोती तिच्यात नसतात. म्हणून जाहीर पल्ल्याच्या दोन-तृतीयांश इतकाच पल्ला महामार्गासाठी धरावा. कंपनी ४५० किलोमीटर म्हणत असेल, तर ३०० धरावेत.

या हिशेबाने पुणे ते भोकरदन हा प्रवास एका दमात करण्याचा अट्टहास धरू नये. पुण्याहून पूर्ण भरून निघालेल्या मोटारीला एक थांबा पुरतो. अहिल्यानगर साधारण १२० किलोमीटरवर येते. तिथे बॅटरी अजून बरीच शिल्लक असते. छत्रपती संभाजीनगर हे वाटेतील शेवटचे मोठे शहर. तिथे ८० टक्क्यांपर्यंत भरून घेतल्यास उरलेले सुमारे ७० किलोमीटर आणि तेथून शहरापर्यंत परत येणे, असे दोन्ही निर्धास्त होते. जलद चार्जरवर २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत जाण्यास बहुतेक मोटारींना ४० ते ६० मिनिटे लागतात. तेवढा वेळ जेवणाला लागतोच. मात्र सणासुदीला चार्जरपुढे रांग असू शकते आणि एखादे यंत्र बंदही असू शकते. त्यामुळे निघण्यापूर्वी दोन पर्यायी केंद्रे हेरून ठेवावीत आणि बॅटरी १० टक्क्यांवर येईपर्यंत वाट पाहू नये.

मुंबईकरांसाठी समृद्धी महामार्गाने चित्र पालटले आहे. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. जालन्याजवळ उतरून राजूरमार्गे भोकरदन गाठता येते. परंतु येथे विद्युत मोटारीची वेगळी कसोटी लागते. कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर असली, तरी त्या वेगाने हवेचा अवरोध एवढा वाढतो, की बॅटरी नेहमीपेक्षा कितीतरी लवकर उतरते. ताशी ९० ते १०० किलोमीटरने जाणारा चालक अनेकदा एक थांबा वाचवतो आणि एकूण वेळेतही मागे पडत नाही.

या परीक्षेत प्लग-इन हायब्रिड आणि साधी हायब्रिड सहज उत्तीर्ण होतात, हे मान्यच करावे लागेल. पेट्रोल पंपावर पाच मिनिटे थांबायचे आणि पुढे निघायचे. परंतु बॅटरी संपल्यानंतरच्या अडीचशे किलोमीटरमध्ये प्लग-इन ही साध्या हायब्रिडपेक्षा जड असल्याने तिच्याइतकी काटकसरी राहत नाही.

गावच्या घरातील प्लग

भोकरदनला पोहोचल्यावर खरा आधार गावच्या घराचा. मोटारीसोबत मिळणारा सुटा चार्जर १५ किंवा १६ अँपिअरच्या प्लगवर चालतो आणि तासाला साधारण अडीच ते तीन युनिट वीज भरतो. रात्रीच्या दहा तासांत २५ ते ३० युनिट, म्हणजे सव्वाशे ते दीडशे किलोमीटरची बेगमी होते. दोन रात्रींचा मुक्काम असेल, तर मध्यम मोटार जवळजवळ पूर्ण भरते. यासाठी गावात जलद चार्जर असण्याची गरजच नाही.

गरज आहे ती पुढील चार गोष्टींची.

पहिली, अर्थिंग. जुन्या घरांत प्लगला तिसरे छिद्र असते, पण त्यामागची वायर जमिनीपर्यंत गेलेलीच नसते. मोटारीचा चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते सदोष असल्यास वीज घेण्यास नकार देतो. मध्यरात्री अंगणात गाडी चार्ज होत नाही, तेव्हा दोष बहुधा गाडीचा नसतो. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेणे हे काही हजारांत होणारे काम आहे.

दुसरी, मंजूर भार. अनेक घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॉटच असतो आणि एकटा चार्जर तीन किलोवॉट ओढतो. महावितरणकडे अर्ज करून भार वाढवून घ्यावा. चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड वायर आणि एमसीबी बसवावा. एक्स्टेन्शन बोर्डावर मोटार चार्ज करणे धोक्याचे आहे.

तिसरी, जोडणीचा प्रकार. शेतातील वस्तीवर मुक्काम असल्यास कृषिपंपाच्या जोडणीवरून मोटार चार्ज करण्याचा मोह होतो. ज्या कारणासाठी जोडणी मंजूर आहे, त्याहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि दंडात्मक आकारणी होऊ शकते. शिवाय शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तासांतच असते.

चौथी, खंडित वीजपुरवठ्याची तयारी. वादळी पावसात वीज गेली, तर घरचा इन्व्हर्टर मोटार चार्ज करू शकत नाही. त्याची ती क्षमताच नसते. म्हणून गावी पोहोचताना बॅटरीत निदान संभाजीनगर किंवा जालना गाठण्याइतकी वीज शिल्लक असावी. हा एकच नियम पाळला, तर अडकून पडण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

वर्षाचा हिशेब

उदाहरणादाखल पुण्यातील एक कुटुंब घेऊ. रोज ३० किलोमीटर याप्रमाणे वर्षातील २८० दिवस, म्हणजे ८,४०० किलोमीटर शहरात. शिवाय भोकरदनच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी ६०० किलोमीटर, म्हणजे ३,६०० किलोमीटर. एकूण १२ हजार किलोमीटर. घरची वीज युनिटला १० रुपये, जलद चार्जरवरील २० रुपये आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. चार्जिंगमधील गळती जमेस धरून विद्युत मोटार एका युनिटात ५ किलोमीटर, प्लग-इन साडेचार किलोमीटर जाते, असे मानू. पेट्रोलवर साधी हायब्रिड लिटरला २०, नेहमीची पेट्रोल मोटार १५ आणि बॅटरी संपलेली प्लग-इन १४ किलोमीटर धरू.

विद्युत मोटार : शहरात १६,८०० रुपये आणि गावच्या सर्व फेऱ्या जलद चार्जरवर धरल्या तरी १४,४०० रुपये, एकूण ३१,२०० रुपये.

नियमित चार्ज केलेली प्लग-इन : शहरात सुमारे १८,५०० आणि प्रवासात २७ हजार, एकूण सुमारे ४५,५०० रुपये.

साधी हायब्रिड : ६३ हजार रुपये.

नेहमीची पेट्रोल मोटार : ८४ हजार रुपये.

कधीच चार्ज न केलेली प्लग-इन : ९० हजार रुपये.

दर बदलतील, आकडे थोडे वर-खाली होतील. क्रम मात्र सहसा बदलत नाही. प्लग-इन हायब्रिड ही मालकाच्या सवयीवर सर्वाधिक अवलंबून असलेली मोटार आहे. तीच गाडी, तेच अंतर. पण रोज प्लग लावणारा आणि न लावणारा यांच्या खर्चात जवळजवळ दुपटीचा फरक पडतो.

आता उलट टोक पाहू. भोकरदनमध्येच राहणारा, नोकरी किंवा व्यवसायासाठी रोज जालन्याला जाऊन-येऊन १२० किलोमीटर धावणारा गृहस्थ. 'गावात विजेची गाडी कशी चालेल?' असा प्रश्न त्यालाच सर्वाधिक विचारला जातो. प्रत्यक्षात त्याचे घर स्वतःचे, अंगण स्वतःचे आणि मीटर दारात. सोसायटीची परवानगी नको, पार्किंगचा वाद नाही. १२० किलोमीटर हे अंतर मध्यम विद्युत मोटारीच्या एका चार्जमध्ये आरामात बसते आणि खर्च येतो दिवसाला २४० रुपये. साध्या हायब्रिडला तेवढ्याच अंतरास ६३० रुपये लागतील. विजेवर ६० किलोमीटर जाणारी प्लग-इन परतीच्या वाटेवर पेट्रोल जाळेल आणि खर्च सुमारे ५८० रुपयांवर जाईल. म्हणजे धास्ती ज्याला सर्वाधिक, त्याचाच लाभ सर्वाधिक.

त्याने एक काळजी मात्र घ्यावी. रोज २४ युनिट म्हणजे महिन्याला सुमारे ६०० युनिट. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढत जातो आणि वरच्या टप्प्यांतील युनिट बरेच महाग पडते. ते १६ रुपये पडले, तरी किलोमीटरला ३ रुपये २० पैसे, म्हणजे हायब्रिडच्या सव्वापाच रुपयांपेक्षा कमीच. पण बचत आटते. चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी आणि तिचा दर यांची चौकशी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात आधीच करावी. छतावरील सौरऊर्जा हा दुसरा उपाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. मराठवाड्याच्या उन्हात असा तीन किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी १२ युनिटांच्या आसपास वीज देतो. गाडी दिवसा जालन्यात असली, तरी नेट मीटरिंगमुळे ही वीज खात्यात जमा होते. एका फेरीचे जाणे त्यातून निघते.

कर, टोल आणि विमा

सरकारी धोरणाचा कल स्पष्टपणे पूर्ण विद्युत मोटारीकडे आहे. तिच्यावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार मोठ्या हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड मोटारींवर तो ४० टक्के झाला.

राज्याचे विद्युत वाहन धोरण २०२५ हे मार्च २०३० पर्यंतच्या काळासाठी आहे. त्यात विद्युत वाहनांना मोटार वाहन करातून सूट आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे विद्युत मोटारींना पूर्ण टोलमाफीची तरतूद आहे. अटल सेतूवर ही माफी ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झाली. समृद्धीचा मोटारींसाठीचा टोल एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला सुमारे २ रुपये ६ पैसे होता. त्यामुळे वारंवार प्रवास करणाऱ्यास ही माफी मोलाची. मात्र प्रवासापूर्वी आपल्या फास्टॅगवर वाहनाचा प्रकार 'विद्युत' असाच नोंदलेला आहे, याची खात्री करावी. प्लग-इन हायब्रिडच्या हिशेबात हा लाभ धरू नये.

तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात २०२२ मधील अधिसूचनेने विद्युत वाहनांना १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सवलत दिली. विद्युत वाहन कर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकर वजावट मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. विक्रेता आजही तिचे आमिष दाखवीत असेल, तर त्यावर विसंबू नये.

उन्हाळा, बॅटरी आणि देखभाल

जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. बॅटरीचे आयुष्य घटविणारा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ही उष्णता. म्हणून बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची यंत्रणा आहे काय, हे विचारावे. लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी वजनाला थोडी जड असली, तरी उष्णता आणि वारंवार चार्जिंग तुलनेने चांगले सोसते. भर दुपारी लांबचा प्रवास करून आल्याबरोबर चार्जिंग लावण्याऐवजी गाडी सावलीत उभी करून रात्री लावावी. बॅटरीवर साधारणतः ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी मिळते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास ती लागू होते, हे वॉरंटीच्या कागदावर वाचावे.

विद्युत मोटारीला इंजिन ऑईल, क्लच, स्पार्क प्लग यांची कटकट नाही. प्लग-इन हायब्रिडला इंजिनाची नियमित देखभाल चुकत नाही आणि बॅटरीही सांभाळावी लागते. तिची छोटी बॅटरी रोज पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरते, त्यामुळे तिच्यावर ताणही अधिक. गावाजवळ दुरुस्तीची सोय हा दोन्हींचा समान प्रश्न आहे. उच्च दाबाच्या विद्युत यंत्रणेला हात लावण्याचे प्रशिक्षण असलेला कारागीर गाठायचा, तर बहुधा शहरच गाठावे लागते.

हवा खरोखर स्वच्छ होते काय?

विद्युत मोटार धूर सोडत नाही, हे शहराच्या हवेसाठी मोठे वरदान. परंतु भारतातील वीज अजूनही मुख्यतः कोळशावर तयार होते. देशाच्या वीजजाळ्याची सरासरी एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. म्हणजे किलोमीटरला ०.२ युनिट घेणारी मोटार परोक्षपणे १४० ग्रॅम उत्सर्जन करते. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो निघतात. त्या हिशेबाने साध्या हायब्रिडचे प्रत्यक्ष उत्सर्जन ११५ ग्रॅम होते आणि तेल काढण्या-शुद्ध करण्याचा वाटा मिळवला, तर दोघी जवळपास एका पातळीवर येतात. फरक पुढील काळात पडतो. सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढेल तशी आज घेतलेली विद्युत मोटार आपोआप स्वच्छ होत जाईल. पेट्रोलची गाडी दहा वर्षांनीही तितकाच धूर सोडेल. छतावर सौरसंच असणाऱ्याला तर दहा वर्षे थांबावेही लागणार नाही.

कोणी काय घ्यावे?

रात्री हक्काचा प्लग आहे आणि लांबचा प्रवास महिन्यातून एक-दोनदाच आहे, त्याने नि:शंकपणे विद्युत मोटार घ्यावी; जाहीर पल्ला ४५० किलोमीटर वा अधिक असलेली पाहावी.

भोकरदनसारख्या गावात राहून जालना किंवा संभाजीनगरला रोज जाणाऱ्याने अर्थिंग, मंजूर भार आणि वीजदराचा टप्पा या तीन गोष्टी मार्गी लावून विद्युत मोटारच घ्यावी.

शहरात पार्किंगला वीज नाही आणि ती मिळण्याची शक्यताही नाही, त्याने साधी हायब्रिड घ्यावी. प्लग-इनवर जादा पैसे खर्च करू नयेत.

दोन वाहने असलेल्या कुटुंबाला शहरासाठी छोटी विद्युत मोटार आणि गावच्या वाटेसाठी जुनी पेट्रोल गाडी सांभाळणे, हाच सर्वांत स्वस्त मार्ग ठरू शकतो.

रोजचे अंतर ४०-५० किलोमीटरच्या आत, घरी प्लग, रोज तो लावण्याची शिस्त, आणि त्याचबरोबर आठवड्याआड जलद चार्जर नसलेल्या आडमार्गांवर दूरचा प्रवास : या चारही अटी एकत्र पूर्ण करणाऱ्यालाच प्लग-इन हायब्रिड शोभते. तीही त्याला परवडेल अशा किमतीत बाजारात आल्यास.

गावाकडून रात्री फोन येतो, तेव्हा गाडी कोणती आहे यापेक्षा ती त्या वेळी भरलेली आहे काय, हे महत्त्वाचे. म्हणून शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी दोन ठिकाणी जाऊन यावे : शहरातील आपल्या पार्किंगमध्ये आणि गावच्या घराच्या अंगणात. दोन्हीकडे अर्थिंगसह १५ अँपिअरचा प्लग बसवता येत असेल, तर निवडीचा बराचसा पेच तिथेच सुटलेला असेल.